खालून दिसणारं विमान

ह्या खेळात विमान चालवणाऱ्याला तोंड नाही.

अठरा मोहिमा तो करतो. विमानं पाडतो, जहाजं बुडवतो, हरत आलेलं अख्खं युद्ध एकटा फिरवतो. पण एक शब्द बोलत नाही. बोलतात ते दुसरे. रेडिओवर त्याच्या बाजूचे बोलतात, शत्रूचे बोलतात, ‘स्काय आय’ नावाचा वरून हुकूम देणारा बोलतो. आणि ह्या सगळ्यांपेक्षा जास्त बोलतो एक पोरगा. त्याच्याकडं विमान नाही. तो जमिनीवर आहे. त्याच्याकडं एक माउथ ऑर्गन आहे आणि सांगायला एक गोष्ट आहे.

हे लिहितोय ते त्या पोराबद्दल.

खेळाचं नाव ‘एस कॉम्बॅट ०४ : शॅटर्ड स्काइज’. जपानच्या नामको कंपनीनं २००१ साली काढला. प्लेस्टेशन टू ह्या यंत्रावर चालतो. टीव्हीला जोडायचं ते काळं खोकं. जगात अशी पंधरा कोटींच्या वर खोकी खपली, आणि २०१३ च्या सुरुवातीला कंपनीनं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. आता ते जुन्या बाजारातच मिळतं. मला मिळालं एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं, १,२०० रुपयांत, एका कंट्रोलरसकट. कंट्रोलरचं एक बटण दाबलं की आतच बसून राहायचं, नखानं उचकटावं लागायचं. सोबत दहा-बारा तबकड्या. सगळ्या नकली, वर स्केचपेननं नावं लिहिलेली. त्यातली ही एक.

आता तुम्ही भडकाल. म्हणाल, गड्या, पोरं बेकार फिरतायत, हाताला काम नाही, आणि तू व्हिडिओ गेमवर लिहितोस? हे पैसेवाल्यांच्या पोरांचे चाळे. त्यात युद्धाचा खेळ. दुसऱ्याच्या मुलखावर बॉम्ब टाकायचे आणि मार्क मोजायचे. भंकस आहे सगळी.

भंकस आहेच. पण वस्तीतल्या कुठल्याही पायरीवर संध्याकाळी जाऊन बघा. चार पोरं बसलेली, चौघांच्या हातात मोबाइल, चौघं कुणालातरी मारतायत. हा खेळ नसेल, दुसरा असेल. जी गोष्ट पोरांच्या बोटांत रोज दोन-दोन तास बसलीय तिच्याकडं नाक मुरडून चालत नाही. उघडून बघितली पाहिजे. मशीनला शिव्या देऊन तुटलेला धागा जोडला जात नाही. वाकावं लागतं, बोट घालावं लागतं.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. आधी डॉफर होतो. भरलेल्या बॉबिन काढायच्या, रिकाम्या लावायच्या. आता सायडर. तुटलेले धागे जोडत फिरायचं, आठ तास. शाळा दहावीला सुटली. पुढचं सगळं शिकलो ते स्वतःच. इंग्रजी शिकलो डिक्शनरी मांडीवर घेऊन, आणि त्यातलं बरंचसं ह्या खेळात पडद्याच्या खाली उमटणाऱ्या अक्षरांवरून. धाकटा भाऊ खेळायचा, मी शब्द बघायचो. रात्रपाळी करून आलं की लगेच झोप येत नाही. कानात मशीन चालूच असतं. म्हणून सकाळी आठ ते दहा हा आमचा क्लास.

आधी खेळाचं पोट उघडू.

सुरुवातीला तुम्हाला मिळतं एफ-४ फँटम. हे खरं विमान आहे. १९५८ साली पहिल्यांदा उडालं, पुढं अमेरिकेनं व्हिएतनामच्या युद्धात वापरलं. खेळात ते सगळ्यात खालच्या पायरीवर. एक मोहीम केली की हिशेब होतो. पाडलेल्या विमानाचे, फोडलेल्या तोफेचे, बुडवलेल्या जहाजाचे मार्क. मार्कांचे पैसे. पैशांतून पुढचं विमान. एफ-१६, मिग-२९, मग एफ-१५, मग एफ-२२, सुखोई-३७. अगदी वरच्या टोकाला एक्स-०२, जे जगात कुठंच नाही, खेळ बनवणाऱ्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढलेलं. प्रत्येक विमानाची खास हत्यारं वेगळी विकत घ्यायची. शिवाय प्रत्येक मोहिमेला एक अक्षर मिळतं. सी, बी, ए आणि सगळ्यांच्या वर एस. नुसतं जिंकून भागत नाही. किती फोडलं, किती वेळात फोडलं, ह्यावर अक्षर ठरतं.

ज्यांना खरंखुरं सिम्युलेटर लागतं ते ह्याला सिम्युलेटर म्हणायला तयार नसतात. खऱ्या लढाऊ विमानाला आठ-दहा क्षेपणास्त्रं असतात, इथं डझनांनी मिळतात. संपली तर नकाशावरची रेघ ओलांडून मागं यायचं, की विमान नवं कोरं आणि पुन्हा भरलेलं. म्हणजे उडणं खोटं. पण शिडी पक्की. पोरांना धरून ठेवते ती शिडी.

एकदा भावाला विचारलं, "का रं, एवढं काय गोड लागतंय?"

म्हणाला, "दादा, हितं जेवढं केलं तेवढं मिळतंय. वशिला न्हाई. कुणाच्या पाया पडाय लागत न्हाई."

मी गप्प. गिरणीत मी पाच वर्षं बदली होतो. बदली म्हणजे पाळीच्या आधी गेटावर उभं राहायचं. कायममधला कुणी आला नाही तर तुम्ही आत, नाहीतर घरी. आत गेलं की खात्यात एक फळा असतो. कुणाच्या साइडनं किती किलो सूत काढलं ते त्यावर लिहितात. माझा आकडा चांगला असायचा. कायम झाले ते दुसरेच. फळ्यावरचा आकडा एकीकडं आणि वर चढायची शिडी तिसरीकडं. खेळात मात्र आकडा आणि शिडी एकच. जेवढे मार्क तेवढी उंची. पोरं खेळात वाया जातात असं मास्तर लोक म्हणतात. माझा भाऊ तिथं सरळ हिशेब शोधायला जातो. घराबाहेर तो त्याला कुठंच मिळत नाही.

भाऊ रोज पहाटे पळतो. भरतीसाठी. गावातली निम्मी पोरं पळतात, डांबरी रस्त्यावर, फाटक्या बुटांनी. त्याला वाटायचं सैन्यात खेळासारखंच असणार, करून दाखवलं की वर. मी त्याला कागदच वाचून दाखवला. २०२२ साली अग्निपथ योजना आली तेव्हा ठरलं ते असं : चार वर्षांची नोकरी, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंतच लोकांना पुढं घेणार. हवाई दलातही अग्निवीर म्हणून घेतलेला माणूस विमान चालवत नाही. वैमानिक अधिकारी असतो, त्याची परीक्षा वेगळी, दार वेगळं. भाऊ म्हणाला, "म्हंजी आपण खालीच." म्हणलं, "पळायचं थांबवू नको. पण कुठली शिडी कुठं जाती ते बघून पळ."

असो. खेळाकडं येतो. कारण ही सरळ हिशेबाची शिडी कुणाच्या अंगावर उभी आहे ते खेळताना दिसत नाही.

पाचवी मोहीम आहे, नाव ‘लाइफलाइन’. शत्रूचं बंदर. समुद्रात तेल काढायचे मनोरे, किनाऱ्याला तेल शुद्ध करायचे कारखाने. हे सगळं उडवायचं. पडद्यावर प्रत्येक वस्तूभोवती एक चौकोन येतो. चौकोन, बटण, धूर, मार्क. चौकोन, बटण, धूर, मार्क. भाऊ जोरात होता.

मी म्हणलं, "थांब जरा. त्या मनोऱ्यावर आत्ता कुठली पाळी चालू आसंल?"

"काय?"

"तेल आपोआप निघत न्हाई. कोणतरी व्हॉल्व्ह फिरवत आसंल. कोणतरी डबा उघडून बसलं आसंल. बदलीवाला आसंल एखादा, आजच आत घेतलेला."

भावानं खेळ थांबवला. माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "दादा, तू खेळू देणार हाईस का न्हाई?" आणि मनोरा उडवला.

खेळात माणूस दिसत नाही. त्या काळच्या यंत्राचीही अडचण असेल, एवढ्या उंचीवरून माणूस काढून दाखवायचा कसा. पण सगळं यंत्रावर ढकलता येत नाही. खऱ्या विमानात बसून बॉम्ब टाकणाऱ्यालाही खालचा माणूस दिसत नाही. त्यालाही चौकोनच दिसतो. एवढ्या उंचीवरून बघितलं की कारखाना दिसतो आणि कामगार गळतो. हे समजायला विमानात बसावं लागत नाही. हेड ऑफिसातून गिरणी कशी दिसते ते आठवा.

एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. असे खेळ पोत्यानं पडलेत. ह्या खेळानं वेगळं काय केलं, तर मोहीम संपली, मार्क मिळाले, की पडदा बदलतो. विमान जातं. कागदावर काढल्यासारखी चित्रं येतात, न हलणारी, एकामागून एक. गिटार वाजते. आणि एक माणूस त्याच्या लहानपणाची हकीकत सांगायला लागतो.

युसिया नावाचा एक कल्पित खंड आहे. १९९९ साली तिथं आभाळातून युलिसिस नावाचा भलाथोरला दगड तुकडे होऊन कोसळतो. ते तुकडे वरच्या वर फोडायला लोकांनी आठ अजस्र तोफा बांधलेल्या असतात, त्यांचं नाव स्टोनहेंज. तरीही नासधूस होते, निर्वासितांचे लोंढे निघतात, देशादेशांत भांडणं लागतात. २००३ साली इरुसिया नावाचा देश ह्या तोफा बळकावतो. झालं. दगडापासून माणसं वाचवायला बांधलेल्या तोफा विमानं पाडायला लागतात. कुंपणानंच शेत खाल्लं.

युद्धाच्या सुरुवातीला हा पोरगा शाळेतून घरी येत असतो. डोक्यावर विमानांची झुंज चाललेली. त्यातलं एक पडतं ते नेमकं त्याच्या घरावर. घरचे संपले. पाडणारं विमान वरून जाताना त्याला दिसतं. पिवळा रंग, आणि १३ आकडा. ते घर आणि घरातली माणसं कुणाचा निशाणाच नव्हती. कुणाच्याच हिशेबात त्यांचे मार्क नाहीत.

पोरगा सान साल्वासियॉन नावाच्या शहरात येतो. शहर इरुसियाच्या फौजेनं घेतलेलं. एका दारूच्या दुकानात माउथ ऑर्गन वाजवून तो पोट भरतो. आणि त्याच दुकानात संध्याकाळी येऊन बसतं ते पिवळ्या विमानांचं पथक. त्यात तो १३ नंबर. बरा माणूस असतो. गिटार वाजवतो. पोराला जवळ करतो. पोरगा त्याच्या गिटारीला साथ करायला लागतो. ज्याच्यामुळं घर गेलं त्याच्याबरोबर ताल धरतो. आणि त्याला ते माहीत असतं.

भाऊ सुरुवातीला बटण दाबून ही चित्रं उडवून द्यायचा. त्याला पुढची मोहीम पाहिजे असायची. मीच म्हणलं, राहू दे, मला शब्द बघायचेत. मग बसायचा चुळबुळत. हळूहळू चुळबुळ थांबली.

आता बाराव्या मोहिमेकडं या. त्या तोफा फोडायच्या. फोडल्या की पिवळं पथक अंगावर येतं. त्यातलं एक विमान तुम्ही पाडता. भाऊ टाळ्या पिटत उठला. आजवर ह्या पिवळ्यांनी आपल्याला हैराण केलेलं, त्यांच्यातला एक खाली आला. मार्क मिळाले, पैसे मिळाले. नकाशावर आपल्या विमानाची रेघ आणि फोडलेल्या वस्तूंच्या खुणा दिसल्या. व्यवस्थित, स्वच्छ.

मग पडदा बदलला. पोरगा सांगायला लागला.

पाडलेलं विमान ४ नंबरचं. ती बाई होती. १३ नंबरची जोडीदार, त्याच्या मागं राहून त्याला जपणारी. तिच्या विमानाची दुरुस्ती राहिली होती, कारण शहरात छुपा लढा देणाऱ्या लोकांनी घातपात केला होता. तसंच विमान घेऊन ती उठली. आणि हा १३ नंबर, ज्यानं एवढी विमानं पाडली, त्याला त्या आकड्याचा गर्व नव्हता. आपल्याबरोबर उठलेला एकही साथीदार आपण गमावला नाही, ह्याचा त्याला गर्व होता. तो आता मोडला.

भाऊ टाळ्या विसरला. एकदम म्हणाला, "हे आधी का न्हाई सांगितलं?"

मला वाटतं, ह्या खेळातला सगळा दारूगोळा एकीकडं आणि भावाचं हे वाक्य एकीकडं. आधी कोण सांगणार? वरून हुकूम देणारा सांगणार का? त्याच्या कागदावर चौकोन आहे. चौकोनात कोण बसलंय ते खालच्यांना माहीत, आणि खालच्यांचं बोलणं नेहमी काम उरकल्यावरच कानावर येतं. म्हणजे एकाच घटनेचे दोन हिशेब झाले. एक वरचा : मार्क, पैसे, अक्षर. एक खालचा : कोण होतं, कुणाचं होतं, का पडलं. वरचा हिशेब लगेच होतो. खालच्या हिशेबाला वर्षं लागतात. पोरगा मोठा होतो तेव्हा कुठं तो लिहितो.

आणि लिहितो कुणाला? ही सगळी गोष्ट म्हणजे एक पत्र आहे. पत्र त्या मुक्या वैमानिकाला आहे. मोबियस वन हे त्याचं रेडिओवरचं नाव, विमानावर फितीचं चिन्ह. मोहिमा सरतील तसं शत्रूचे लोक रेडिओवर त्या फितीला घाबरायला लागतात. म्हणजे कंट्रोलर ज्याच्या हातात आहे त्याला, तुम्हाला, ते पत्र. शेवटाकडं, सतराव्या मोहिमेत, १३ नंबरलाही तुम्हीच पाडता. पोराच्या घराला मारणारा, पोराला जवळ करणारा, दोन्ही तोच. आणि त्याला मारणाऱ्याला पोरगा सगळी हकीकत लिहून पाठवतो. एकालाही तो सपाट करत नाही. हे मला जमत नाही. माझ्या कवितेत सुपरवायझर नुसता सुपरवायझर असतो, त्याला गिटार वाजवता येत नाही.

आमच्या खात्यात एक वयानं मोठे फिटर आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. चहाच्या सुट्टीत मी त्यांना ही गोष्ट सांगितली. ते खवळले. म्हणाले, "कसला रं पोरगा? आईबापाला मारलं त्याच्या पेटीला साथ करतंय? फोडायची ती पेटी त्याच्याच डोक्यात."

मी म्हणलं, "मामा, पेटी न्हाई, गिटार. आणि पोरगं उपाशी होतं."

"उपाशी काय आपण न्हवतो?"

मामांचं चुकत नाही. पोटासाठी वाजवलं हे खरं, आणि वाजवता वाजवता जीव लागला हेही खरं. ज्या मशीननं तीन बोटं कापली त्याच मशीनला मामा रोज तेल घालतात, आवाजावरून त्याचं दुखणं ओळखतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. हे मी त्यांना बोललो नाही. पण पोरगा मला त्यामुळंच खोटा वाटत नाही. मी त्याच्यावर फुलं उधळत नाही. त्यानं जे झालं ते दोन्ही बाजूंनी लिहून ठेवलं, लपवलं नाही, एवढंच म्हणतो.

मामांची गिटार फोडणारी व्यक्ती गोष्टीत आहे. ती आहे दारूच्या दुकानदाराची पोरगी. त्या पोरापेक्षा थोडी मोठी. पिवळ्या पथकाला दारू वाढते आणि आतून छुप्या लढ्यात आहे. तिला शत्रूचा राग आहे आणि ती तो गिळत नाही. पुढं १३ नंबरला तिचं कळतं, पण तो तिला पकडून देत नाही. आता तिचं काय झालं असेल बघा. ज्यांच्याशी लढायचं त्यातल्याच एकानं जीव वाचवला. आपल्या माणसांच्या घातपातानं जिचं विमान दुरुस्त झालं नाही ती बाई मेली, जिला ती रोज टेबलावर बघत होती. एवढं सगळं जिच्या डोक्यातून गेलं तिची हकीकत आपल्याला पोराकडून कळते. तिचं पत्र नाही.

इथं मला खेळ अडतो. वर मुका वैमानिक. त्याच्या खाली बोलणारा पोरगा. आणि पोराच्याही खाली, म्हणजे त्याच्या वाक्यांच्या आत, ती पोरगी. जमिनीवर आलं म्हणजे तळ आला असं नाही. आपल्या हातात लेखणी आलीय, चांगलं झालं. पण आपण लिहितो तेव्हा आपल्या वाक्यांच्या आत कोण मुकं बसलंय, हे ज्याचं त्यानं बघायचं. मी माझ्या कविता काढून बघितल्या. गिरणी आहे, भोंगा आहे, मी आहे, भाऊ आहे. आई तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी भाकरी करते. बोलत नाही.

ही जमिनीवरची गोष्ट खेळात आली कशी, तेही सांगतो. ती लिहिण्यात सुनाओ काताबुची ह्या जपानी दिग्दर्शकाचा हात आहे. ह्याच माणसानं पुढं २०१६ साली एक चित्रपट काढला, ‘ह्या जगाच्या एका कोपऱ्यात’ अशा अर्थाचं त्याचं नाव. फुमियो कोनो ह्या बाईंच्या चित्रकथेवरून. त्यात सुझू नावाची साधी मुलगी आहे, चित्रं काढणारी. लग्न होऊन कुरे गावी येते. कुरे हे हिरोशिमाजवळचं आरमाराचं बंदर, १९४५ साली अमेरिकी विमानांनी त्याच्यावर बॉम्ब टाकले. उशिरा फुटणाऱ्या एका बॉम्बनं सुझूच्या बोटाला धरून चाललेली पोर जाते आणि सुझूचा उजवा हात जातो. चित्रं काढायचा हात. म्हणजे ह्या माणसानं विमानांच्या खेळात जे आडून सांगितलं तेच पंधरा वर्षांनी उघड सांगितलं. विमान खालून बघा.

आणि जपाननं हे दोन्ही बाजूंनी बघितलंय. हिरोशिमा सगळ्यांना ठाऊक. पण १९३८ पासून जपानी विमानांनीच चीनमधल्या चोंगचिंग शहरावर बॉम्ब टाकले, तेव्हा वर जपान होता आणि खाली चिनी माणूस. वरचा-खालचा हा देश किंवा रक्त बघून कायमचा ठरत नाही. त्या वेळी विमानात कोण आहे ह्यावर ठरतो.

अजून एक. ह्याच मालिकेतला तिसरा खेळ १९९९ साली आला. जपानात दोन तबकड्या, ५२ मोहिमा आणि भली मोठी गोष्ट. परदेशात विकायला काढला तेव्हा एक तबकडी, ३६ मोहिमा, आणि गोष्ट जवळजवळ साफ. विमानं ठेवली, माणसं कापली. कापायची वेळ आली की पहिली कात्री कशावर चालते ते ध्यानात ठेवा. गोष्ट काढली तरी शिडी चालू राहते, मार्क पडत राहतात, खेळ खपतो. म्हणून गोष्ट कुणीतरी हट्टानं ठेवावी लागते. ०४ मध्ये ती ठेवली. आणि ज्याला नको त्याला बटण दाबून आजही ती उडवता येते.

भावानं खेळ पुरा केला. सगळीकडं एस नाही मिळाला, आता त्याच्या मागं आहे. मी त्याला अडवत नाही. परवा तो मला म्हणाला, "दादा, त्या पोराचं नाव काय रं?"

आम्ही पुन्हा सगळी चित्रं लावली. शब्दन् शब्द वाचला. पोराला नाव नाही. पोरीला नाव नाही. पिवळ्या पथकाला १३, ४ असे आकडे. आपल्या वैमानिकालाही आकडाच. गिरणीच्या गेटावर आमची हजेरी तिकीट नंबरानंच घेतात, त्यामुळं मला त्याचं नवल वाटलं नाही. भावाला वाटलं. त्यानं वहीच्या मागं पोरीसाठी एक नाव लिहून ठेवलंय. मला दाखवत नाही.

तुमच्यापैकी कुणी हा खेळ खेळलं असेल तर किती मार्क पडले ते कळवू नका. १३ नंबरनं तिला पकडून दिलं नाही, त्या रात्री ती पोरगी घरी जाऊन काय बोलली असेल, तेवढं लिहून पाठवा. अर्धं पान चालेल. खाडाखोड चालेल.